दहावं विंडोज आणि दसऱ्याची पूजा

आमच्या साहेबांचं एक ठाम मत होतं: चूक आपली नसते. ती ग्राहकाची असते, विजेची असते, आणि कुणीच तावडीत सापडलं नाही तर विंडोजची असते. मी बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या घरी बसून त्यांच्या पुण्याच्या कंपनीचं काम करायची. कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी आम्ही एक प्रोग्राम बनवला होता. सकाळी तो झकास चाले, दुपारपर्यंत मेमरी खात खात अख्खं मशीन बसवून टाके. वापरून झालेली मेमरी प्रोग्रामने परत करायची असते. आमचा प्रोग्राम वाटीभर साखर नेऊन वाटीही परत न करणाऱ्या शेजारणीच्या जातीचा होता.

तक्रारी बहुतेक विंडोज दहा वापरणाऱ्या कॉलेजांतून आल्या, म्हणून साहेबांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "दहामध्येच लोचा आहे. सात, दहा, अकरा तिन्हींवर तपास आणि सोडव. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर घरून काम पुरे झालं, पुण्याला येऊन बस."

मला पुण्याला जायचं नव्हतं. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा निवृत्त शिक्षक. "जाय ना बिनधास्त," ते म्हणत, "मी काय लहान आहे? खिचडी येते मले." त्यांची खिचडी मी खाल्लेली आहे. म्हणूनच जायचं नव्हतं.

तिन्ही मशीन घरातच निघाली. बाबांच्या शिकवणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर सात होतं, त्यांच्या लॅपटॉपवर दहा, आणि कंपनीने मला दिलेल्यावर अकरा. प्रत्येकावर प्रोग्राम सुरू करायचा, पुस्तकांची यादी ताजी करायला एफ-फाईव्हचं बटण एकदा दाबायचं, आणि मग हात न लावता मेमरी किती चढते ते बघत बसायचं. सात गपगार. अकरा गपगार. दहा मात्र चहा संपायच्या आत टम्म फुगलं. साहेब खरे ठरले याचं मला इतकं वाईट वाटलं की मी दुसरा चहा टाकला.

बरं, दोषी सापडला म्हणून सुटका थोडीच होती? मी त्या दहाच्या हात धुऊन मागे लागले. अपडेट काढले, पुन्हा घातले, साहेबांच्या नावाने बोटं मोडली. शेवटी वैतागून बाबांच्या लॅपटॉपवर अकराच चढवलं. तरी तेच! म्हणजे दहा बिचारं निर्दोष होतं, खोट त्या लॅपटॉपमध्ये होती.

बाबा मागेच उभे होते. त्यांना हे लागलं. "खराब कसा होईन? दसऱ्याले बराबर पूजा करेल आहे त्याची. तुह्यावाल्यावर तर नुस्तं फूल ठेवलं होतं, कंपनीचा माल म्हणून. याच्यावर हळद, कुंकू, अक्षता, सब्बन."

"उघडा ठेवून?"

"मंग? देवाले काय झाकण लावून पूजतात का?"

मी लॅपटॉप उचलला, उलटा केला आणि चादर झटकावी तसा झटकला. आधी झेंडूची एक वाळलेली पाकळी पडली. मग हळदीने पिवळा झालेला एक तांदूळ पडला आणि एफ-फाईव्हचं बटण टक्कन वर आलं.

मी ते बटण एकदा दाबून सोडत होते, पण कडेला अडकलेला तो तांदूळ त्याला वर येऊच देत नव्हता. यादी सारखी ताजी होत होती. चाचणीपुरती चारच पुस्तकं होती, म्हणून स्क्रीन हललेला दिसतही नव्हता. मग मी सातवर आणि माझ्या अकरावर एफ-फाईव्ह बोटाने दाबून धरलं. दोन्ही तश्शीच फुगली. दर वेळी नवी यादी यायची आणि जुनी सुटायचीच नाही. दहावाली कॉलेजं मोठी, गर्दी जास्त, म्हणून तिथे बटण जास्त बडवलं जात होतं, एवढंच. प्रोग्रामचा तो भाग उघडला तर वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. साहेबांचं. मी जागच्या जागी नाचले.

गुरुवारी फोन केला. कुठल्या भागात चूक आहे ते सांगितलं. साहेबांचा प्रश्न आला, "आमच्या इथल्या मशीनवर कधी दिसलं नाही. तुला कसं सापडलं?"

अक्षता म्हणायला जीभ रेटेना. "इथे एक खास मशीन आहे, सर."

"मग ते घेऊन पुण्याला ये."

"ते इथेच चालतं, सर. आणि त्या भागावर नाव कुणाचं आहे ते मी अजून कंपनीच्या ग्रुपवर टाकलेलं नाही."

"बरं, बरं," साहेब म्हणाले, "तू तिथूनच बघ."

बाबा दारात उभे होते. पूजेचं तबक पुसायचा बहाणा करून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय म्हने?"

"इथंच राहा म्हणाले."

बाबांनी तबक खाली ठेवलं. "बरं झालं माय," ते म्हणाले. "मले काही खिचडी येत नाही."