उतरवलेली उत्तरं

माझ्या वहिनीला पगार मिळतो तो प्रश्नांवर शंका घेण्याचा. उत्तरांवर शंका काय, सगळेच घेतात. "उद्या नक्की शिवून देते" या माझ्या उत्तरावर दुकानातली गिऱ्हाइकं रोजच घेतात. वहिनी मात्र प्रश्नावरच बोट ठेवते. लग्न होऊन घरात आली तेव्हा आईनं तिला विचारलं, "चहा घेशील ना?" तर ही म्हणाली, "असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?" आता दादाचं कसं होणार, या काळजीनं आम्ही सगळे अर्धमेले झालो होतो.

तिचं खातं मुलांच्या मनाच्या आरोग्याचं. दूरच्या एका देशात तिथल्या वयात येणाऱ्या मुलांसाठी कोणीतरी प्रश्नावली तयार केली होती. पानभर वाक्यं; प्रत्येकापुढे 'खरं', 'थोडं खरं' आणि 'खोटं' अशा तीन चौकटी. मुलांनी स्वतःबद्दल खुणा करायच्या. बेरीज ठरलेल्या रेषेच्या वर गेली, की या मुलाच्या मनात काहीतरी बिनसलंय असं समजून पुढे चौकशी करायची. तीच प्रश्नावली आता आपल्या भाषेत आणून शाळाशाळांत वापरायची होती. आपल्या मुलांना ती लागू पडते का, हे बघणं वहिनीकडे आलं.

दुसरी कोणी असती तर भाषांतर नीट आहे ना एवढं बघून मोकळी झाली असती. वहिनी एकेका मुलाशेजारी जाऊन बसायची आणि विचारायची, "हे वाचून तुझ्या मनात काय आलं?" एक वाक्य होतं, 'घरातल्या वस्तू न विचारता घेतो.' तिकडे ती चोरीची खूण. आमच्या गल्लीतल्या पोरानं ठासून 'खरं' केलं होतं.

"काय घेतोस रे?"

"दादाचा शर्ट."

"आणि दादा काही बोलत नाही?"

"तो माझे बूट घेतो ना."

'एकटं राहायला आवडतं' या वाक्यावर एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "माहीत नाही. अजून राहून बघितलं नाही." घरात माणसं सात आणि खोल्या दोन, ती तरी काय सांगणार? 'वरचेवर डोकं दुखतं' याला तर रंगाच्या कारखान्यामागची सगळी पोरं झाडून 'खरं'. दिवसभर तो वास नाकात गेल्यावर माझंही दुखतं. त्यांच्यासमोर वहिनी कधी हसली नाही. हसायची ती घरी येऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग पुन्हा कागद पुढे ओढून बसायची.

"इतकं काय त्यात?" मी एकदा म्हटलं. "चार वाक्यं बदल आणि मोकळी हो."

"तू एकीचं माप घेऊन दुसरीचं कापड कापशील?" ती म्हणाली. माझ्याच धंद्यातलं माझ्याच तोंडावर मारलं!

तिच्या साहेबांना मात्र घाई झाली होती. वहिनीचं काम अर्धवट असतानाच त्यांनी प्रश्नावली छापून आमच्या शाळेत पाठवून दिली. निकाल आला तेव्हा आठवीच्या एका तुकडीतली जवळजवळ सगळी पोरं रेषेच्या वर. साहेब म्हणाले, प्रश्नावली लागू पडते असं लिहून सही करा, म्हणजे पुढच्या वर्षी या मुलांचा वेगळा वर्ग काढता येईल. वेगळा वर्ग म्हणजे कपाळावर शिक्का, हे कळायला शिकावं लागत नाही. बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर आईबापांची ही गर्दी. सगळ्यात पुढे मी. कारण ती माझ्या लेकीची तुकडी होती आणि यादीत तिचंही नाव होतं.

माझ्या लेकीचं! जिनं शाळेत गेल्यापासून पहिला नंबर सोडलेला नाही, जिला वर्गातली पोरं 'गाइड' म्हणतात, जिला घरात कधी वरच्या आवाजात बोलताना कोणी ऐकलं नाही. "हिचं बिनसलंय म्हणता, तर मग धड कोण आहे ते तरी दाखवा," मी मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे सुनावलं. ते बिचारे घाम पुसत म्हणाले, "बाई, मलाही तेच कळेना झालंय."

त्या दुपारी वहिनी दुकानात आली. तिच्या ऑफिसातलं टेबल वीतभर, आणि माझं कापड कापायचं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत. सगळ्या कागदांच्या नावांच्या कडा तिनं आधीच दुमडून टाचणीनं बंद केल्या होत्या. "बघायच्या नाहीत," असं मला बजावलं आणि कागद ओळीनं मांडले. मग कितीतरी वेळ ती नुसती उभी राहून बघत होती.

"इकडे ये," ती म्हणाली. "हे वाक्य बघ."

एका वाक्यापुढे आधी 'खोटं'वर खूण केलेली होती, मग ती खोडून 'खरं'वर केलेली. शेजारच्या कागदावर तेच, त्याच्या शेजारच्याही. पोरांनी इमानेइतबारे खाडाखोडसुद्धा उतरवली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात जाऊन मुलांना विचारलं. कोणी लाजलं नाही की लपवलं नाही. बाकांवर बसवून छापील कागद वाटलेत, सर फळ्यापुढे येरझारा घालतायत, "पाऊण तासात पूर्ण करा" म्हणतायत. मग ती परीक्षा नाही तर काय? आणि परीक्षेत अडलं तर काय करायचं, हे त्या वर्गाला पाठ होतं. "गाइडचं बघितलं," पोरं एका सुरात म्हणाली. "तिचं बरोबरच असतं."

शाळा सुटायच्या आत ही गोष्ट गल्लीभर झाली. मी हसून हसून बेजार. दुकान तसंच टाकून वहिनीचं घर गाठलं. "सुटलो गं बाई! म्हणजे सगळी पोरं ठणठणीत! ते कागद टाक आता रद्दीत."

"टाकलेच," वहिनी म्हणाली. "साहेबांना कळवलं, सही करणार नाही. पुन्हा घ्यायचं, एकेका मुलाला वेगळं बसवून, आणि रेषाही इथल्या मुलांवरून ठरवायची." पण ती हसत नव्हती. "सगळ्यांनी उतरवलंय, खरंय. पण कुणाचं तरी बघून उतरवलंय ना?"

मला कळायला एक क्षण लागला. मग माझं डोकंच फिरलं. कागदाच्या डोक्यावर छापलं होतं, यात बरोबर-चूक काही नाही, स्वतःबद्दल खरं लिहा. सूचना शेवटपर्यंत वाचणारं पोर त्या वर्गात एकच होतं, आणि ते माझं होतं.

"तूच म्हणतेस प्रश्नावली इथे चालत नाही," मी ओरडले. "मग माझ्याच पोरीपुरती बरी चालते? सगळ्यांबरोबर तिचाही कागद गेला, विषय संपला. तुझी भाची आहे ती!"

वहिनी चिडली की मला ताई म्हणायचं सोडून 'वन्सं' म्हणते. "वन्सं, तुम्ही जरा बसा," ती म्हणाली. "कागद खरं बोलतो असं मी म्हणतच नाही. म्हणून तर तिला विचारणार आहे. आणि भाची नसती तरी विचारलं असतं."

पुढे साहेबांनी आदळआपट केली, पण वेगळा वर्ग निघाला नाही. नव्या पद्धतीनं पुन्हा घेतलं तेव्हा थोडीच मुलं रेषेच्या वर आली, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे वहिनी स्वतः गेली, गाजावाजा न करता. मी माझ्या भावाच्या बायकोचं कौतुक तिच्या तोंडावर करत नाही, डोक्यावर बसेल. इथे मात्र सरळ सांगते, तिच्यासारखी बाई मी दुसरी बघितली नाही. सगळ्यांना हवं होतं ते उत्तर तिच्या हातात आलं होतं आणि तरी ती तिथे थांबली नाही.

आमचं भांडण झालं त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आधी माझ्या लेकीला विचारलं, "आई इथे बसली तर चालेल?" लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. वहिनीनं कागद-पेन काढलंच नाही. "झोप लागते का गं?" एवढंच विचारलं.

पोर बोलायला लागली. झोप लागत नाही. पोटात गोळा येतो. न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि रडते, कशासाठी ते तिचं तिलाच कळत नाही. त्या नळाचा आवाज मी शिवता शिवता किती वेळा ऐकला होता, आणि पोर टापटिपीची आहे म्हणून मनात खूश झाले होते.

"ती खाडाखोड," वहिनी हळूच म्हणाली, "कोणत्या वाक्यापुढे केलीस, आठवतं?"

"'मला रडू येतं, पण मी कोणाला दिसू देत नाही.'" लेक खाली बघत होती. "मामी, सगळे माझं बघून लिहीत होते. मला वाटलं, हे वाक्य आलं की कोणीतरी विचारेल, तुझं हे खरंय का म्हणून."

"मग? विचारलं कोणी?"

"शेजारची म्हणाली, हात बाजूला घे ना, दिसत नाहीये."

वहिनीनं तिचा तो हात आपल्या हातात घेतला.