वास लिखा, दारू नका लिखू

नाना आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, पण सोनगीरच्या एसटीत त्यांच्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच राही. सरकारी दवाखान्यातले ते ड्रेसर. जखमा धुऊन आणि पट्ट्या बांधून स्पिरिटचा वास त्यांच्या कातडीत मुरला होता. बायका नाकाला पदर लावत. नाना खिडकीशी ऐसपैस बसून म्हणत, "बरं शे. आख्खी सीट मन्ही."

मी जळगावची, नवीकोरी डॉक्टर. दवाखाना हायवेवर, त्यामुळे पोलीस सारखे कुणाला तरी तपासणीला आणत. पहिल्याच आठवड्यात एक ट्रक ड्रायव्हर आला. तोंडाला भपकारा, पाय लटपटत, जीभ जड, वर शिव्या. मी केसपेपर ओढला आणि ठसक्यात लिहायला घेतलं, 'दारू प्यायलेला'. नानांनी चक्क कागदावर हात ठेवला.

"ताई, वास लिखा, दारू नका लिखू. वास नाकले समजस, रोग नही समजत."

मला राग आला. ड्रेसरनं डॉक्टरला शिकवायचं? पण तोवर त्यांनी ड्रायव्हरच्या बोटाला सुई टोचून साखर मोजलीही होती. चौतीस! शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पाचेक मिनिटांत गडी उठून बसला, गाडी कुठे आहे म्हणून विचारू लागला. दोन घोट त्यानं घेतले होते, खोटं नाही. पण मरत होता तो साखरेवाचून. "देखा ताई," नाना म्हणाले, "ग्लुकोज देइसन कधी दारू उतरस का?" पोलीसही हसला.

रक्ताचा नमुना घ्यायची वेळ आली की नाना स्पिरिटची बाटली उचलून कपाटात ठेवत आणि दंड साध्या पाण्यानं पुसत. "स्पिरिट लावं तं माळकरीना रगतमा बी दारू सापडी," असं त्यांचं म्हणणं. आणि झिंगलेला कुणीही असो, त्याच्या डोक्यामागून ते दोन बोटं फिरवत, टेंगूळ शोधत. तेव्हाचं त्यांचं वाक्य मला पाठ आहे. "पियेल मानूस पडस, आन पडेल मानूस बी पियेलच दिखस."

सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं. मग ते निवृत्त झाले, माझी बदली नशिराबादकडे झाली. नाना गावात घरोघरी जाऊन पट्ट्या बांधत. गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या अक्का, गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा नाना अक्कांच्या रिकाम्या खाटेवरच बसून होते.

दोनेक महिन्यांनी दुपारी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. समोर पेशंटची ही रांग. "ताई, नाना सकायपासून बरळी ऱ्हायनात. झोकांड्या खाई ऱ्हायनात. अंगले वास बी येस. दवाखानामा लई जाऊ का?"

मला वाटलं, खचला बिचारा माणूस, लागला प्यायला. कीव आली, थोडी लाजही वाटली. आणि मी, त्यांच्या हाताखाली शहाणी झालेली मी, म्हणाले, "झोपू द्या. उतरेल."

संध्याकाळी ते उठवता उठेनात, तेव्हा त्यांना धुळ्याला नेलं. मेंदूत रक्तस्राव. सकाळी कुणाची तरी पट्टी करायला जाताना स्कूटरवरून पडले होते, पिशवीतली स्पिरिटची बाटली अंगावर फुटली होती. मी पोचले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तोच वास होता, ज्याच्या शेजारी मी सहा वर्षं बसले. मी त्यांच्या डोक्यामागून दोन बोटं फिरवली. टेंगूळ लगेच हाताला लागलं. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

पुतण्या अजून म्हणतो, "ताई, तुम्हना काय दोष शे?" कसला वास येतोय, एवढंही मी त्याला विचारलं नव्हतं, हाच तो दोष, हे त्याला कळलेलं नाही.

आता मी केसपेपरवर 'वास येतो' एवढंच लिहिते आणि पेन खाली ठेवून आधी डोकं चाचपते. नव्या डॉक्टरांना वाटतं, मॅडम फार काटेकोर आहेत. नानांच्या बाबतीत मी दारू लिहिली नाही, हे खरं. फक्त फोनवर म्हणाले, उतरेल.