गाडीचं गाऱ्हाणं

"देवाक फसवूचा नाय हां!" असं म्हणत तो आधी चपला काढायचा आणि मगच गिऱ्हाइकाला गाडी दाखवायचा. सगळा घोळ तिथेच व्हायचा.

पेडण्याच्या कचेरीत त्याचं नि माझं टेबल शेजारी. कोरगावचा सरळ माणूस, पण नाद एकच: दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार. तिला त्याने इतकी खाली बसवली होती की गतिरोधकावरून तिरकी काढावी लागे. सायलेन्सर असा लावलेला की हा पेडण्याहून निघाला की कोरगावात त्याची आई चहा टाकायची.

मग आईचे गुडघे गेले. तिला गाडीतून उपसायला दोघे लागत, आणि दुसरा मी. एकदा म्हापशाला डॉक्टरांच्या दारात ती अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली. बघायला ही गर्दी! "त्या बिळात मी परत बसूचंय नाय," म्हातारीने सांगून टाकलं. डॉक्टर बंद, उपचार बंद. ही गाडी विकून उंच गाडी घेणं आलं.

आता आमच्याकडे असं काही करायचं तर वेशीवरच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायलाच हवं. हा गिऱ्हाइकाला तिथे उभं करून सुरू व्हायचा, "बा देवा म्हाराजा, ही गाडी मोपाच्या चढावर तापता..."

"व्हय म्हाराजा!" मी. साथ द्यावीच लागते हो!

"पुढचो बंपर दोनदा चिकटवलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

अशी चार गिऱ्हाइकं पळाली. "अरे गाढवा, मनातल्या मनात सांग!" मी ओरडलो. तो म्हणाला, "मनात गाऱ्हाणा आसता खंय?"

पाचवा डिचोलीचा, ट्रकांचा मेकॅनिक. प्रत्येक दोषाला तोच खुशीत "व्हय म्हाराजा" म्हणू लागला. यादी संपली, आणि आमचा हा पुढे बोलून गेला, "आणि देवा, माका ती विकूची नाय."

"व्हय म्हाराजा!" मी सवयीने म्हणून बसलो.

मेकॅनिक चपापला. "मगे विकतास कित्याक?"

"आई तिच्यात बसणा नाय," म्हणत त्याने किल्ली मेकॅनिकच्या हातात कोंबली.

गाडी गेली. तो अनवाणीच कान देऊन उभा. "दुसरो गिअर... तिसरो... बरो टाकल्यान." त्याचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. इतक्यात म्हापशाची बस घरघरत आली आणि तिच्या आवाजात सगळं बुडालं.

"पाचवो पडलो मां रे?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"पडलो, पडलो," राखणदाराच्या पायरीवर उभं राहून मी म्हणालो.