एका मोज्याची चौकशी

आमच्या गावात रुमानियाची एक बाई राहते. तिला सगळे मामी म्हणतात, कारण तिच्या नवऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामा मालवाहू बोटीवर इंजिनीअर होते. देवगडच्या बंदरात वाढलेला हा माणूस जगभर फिरला आणि येताना मामीला घेऊन आला, त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात आम्ही मामीची हरेक परीक्षा घेतली. बांगडे साफ करता येतात का, सोलकढी जमते का, साडी नेसून एसटीत चढता येतं का. ती सगळ्यात पास झाली. मालवणी तर अशी बोलते, की पाठमोरी असेल तर नवखा माणूस फसेल. फक्त ‘र’ जरा जास्त घोळवते.

तिच्या देशात काय होतं, हे मात्र कुणी धड विचारलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “थंडी,” आणि माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

गेल्या जानेवारीत सगळं कळलं, आणि तेही एक गाडी बंद पडल्यामुळे. गावचं वाचनालय मी सांभाळते. आमच्या छोट्याशा व्याख्यानमालेत त्या संध्याकाळी ‘तणावमुक्त जीवन’ हा विषय होता. अंगण भरलं होतं, पाहुण्यांसाठी आणलेले बटाटेवडे टेबलावर झाकून ठेवले होते, आणि कुडाळहून निघालेल्या व्याख्यात्यांचा फोन आला. गाडी कसालला बंद पडली होती, मेकॅनिक मिळत नव्हता. त्यांचा आवाज एवढा ताणलेला होता, की मीच म्हटलं, “सर, राहू दे, तुम्ही शांत व्हा.”

आमचे अध्यक्ष आंबा बागायतदार. मोहोरावरची फवारणी अर्धी टाकून ते आले होते. “आता ह्या लोकांका मी काय सांगू?” ते कपाळाला हात लावून म्हणाले.

पहिल्या रांगेतून मामा म्हणाले, “माझ्या बायलेक बोलूक सांगा. घरात ती थांबणा नाय.”

लोक हसले. मामी उठली. “मी काय बोलू?” तिने मला विचारलं.

“तुज्या देशातला सांग कायतरी,” मी म्हटलं.

तिने क्षणभर विचार केला, पदर कमरेला खोचला आणि टेबलामागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भाषण सुरू होणार. पण ती म्हणाली, “सगळे उठा. एकामागे एक, ओळ लावा.”

“कित्याक?” अध्यक्षांनी विचारलं.

“ता विचारूचा नाय. ओळ दिसली की उभा रवाचा. माझ्या देशात तसाच होता.”

खुर्च्या सरकल्या, खिदळत खिदळत ओळ लागली. ती अंगणातून फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. तेवढ्यात कणकवलीची एसटी आली. आमच्या दारातच थांबा आहे. उतरलेल्या बायकांनी विचारलं, “कसली लाईन ही?” ओळीच्या शेवटी मासेमारीचा ट्रॉलर चालवणारे एक चाचा होते. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “ठाऊक नाय. पण मागसून नाय मेळाचा.” झालं! चार पिशव्या सांभाळत त्या बायकाही उभ्या राहिल्या. रिकामी टोपली घेऊन घरी निघालेली मासेवाली उभी राहिली. कंडक्टर दारातून वाकून बघत होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नसता, तर तोही उतरला असता.

मामीने टेबलावरचं झाकण काढलं. पहिल्या माणसाला दोन वडे दिले. दुसऱ्याला एक दिला. तिसऱ्याच्या हातावर नुसती चटणी घातली. चौथे अध्यक्ष होते. मामीने परात पुन्हा झाकली आणि म्हणाली, “संपला. उद्या येवा.”

“अगो, पण आत आसत ना वडे! मीच आणलंय ते!”

“ते वरच्या सायबाचे,” मामी म्हणाली. अध्यक्षांचा चेहरा असा झाला की सगळ्या अंगणात हशा फुटला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या मागे माझी शाळेतली मैत्रीण होती. ती माझ्या खांद्यावर डोकं आपटून हसत होती.

मामी हसली नाही. सगळे शांत होईपर्यंत तिने वाट पाहिली. मग म्हणाली, “आता हसाचा नाय. तुमच्यातल्या एकाक मी आधीच सांगून ठेवलंय. कोण हसता, कोण काय बोलता, ता तो माका सांगतलो. तो कोण, ता मी सांगूचंय नाय.”

हा खेळ आहे हे आम्हाला कळत होतं, तरी सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. अध्यक्षांनी मामांकडे पाहिलं, मामांनी चाचांकडे. मैत्रिणीने माझ्या खांद्यावरचं डोकं हळूच उचललं. मीही एक पाऊल पुढे सरकले. तिच्यापासून का सरकले, ते माझं मलाच कळेना. पोटात मात्र हसू उकळत होतं. शाळेच्या प्रार्थनेत यायचं तसं, नको म्हटलं की जास्तच. मी गाल आतून चावले. कुणाचं तरी नाक वाजलं. कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. आणि चाचांच्या तोंडून उकळत्या किटलीसारखी एक बारीक शिट्टी निघाली.

त्यानंतर कुणीच थांबू शकलं नाही. मासेवाली टोपलीवर बसली. अध्यक्ष खांबाला धरून हसले. मामीसुद्धा हसली, तोंडावर पदर घेऊन, खांदे गदगदा हलवत. “कोणाकच सांगूक नव्हतंय,” ती कशीबशी म्हणाली. “सांगूची गरजच लागणा नाय.”

मग तिने वडे खरोखर वाटले, सगळ्यांना बसवलं आणि स्टुलावर बसून स्वतःची गोष्ट सांगितली.

ती आणि तिची थोरली बहीण समुद्रकाठच्या एका शहरात एका खोलीत राहायच्या. हिवाळ्यात सरकार घरं गरम करणारी वाफ बंद करायचं, म्हणून दोघी कोट घालूनच अंथरुणात शिरायच्या. टीव्हीवर एकाच माणसाचं, देशाच्या सर्वेसर्वाचं, कौतुक चाले. फोनवर त्या उशी ठेवायच्या, कारण फोन ऐकतो असं सगळे म्हणत. एका संध्याकाळी बहिणीच्या मोज्याला भोक पडलं, अंगठा बाहेर आला आणि दोघी हसत सुटल्या. बहिणीने त्या अंगठ्याला टीव्हीवरच्या माणसासारखी मान डोलवायला लावली का, असं मी मध्येच विचारलं.

“नाय गो,” मामी म्हणाली. “नुसतो अंगठो होतो. आमका थंडीन हसू इला.”

दोन दिवसांनी बहिणीला गुप्त पोलिसांच्या कचेरीत बोलावलं. साहेबाने विचारलं, “परवा संध्याकाळी कशाला हसत होतात?” बहीण म्हणाली, मोज्याला. साहेबाला पटलं नाही. मग मामीला वेगळं बोलावलं. तीही म्हणाली, मोज्याला. दोघी एकच सांगतात म्हणजे आधी ठरवून आल्या आहेत, असं साहेबाने ठरवलं. त्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं. बहिणीने शेवटी तो मोजाच नेऊन दाखवला, आणि दाखवताना तिला हसू फुटलं.

“मगे?” मैत्रिणीने विचारलं. ती पुन्हा माझ्याजवळ आली होती.

“मगे तिची शाळेतली नोकरी गेली. लांब कारखान्यात टाकल्यानी.” मामी हे सरळ आवाजात म्हणाली. “भिंतीपलीकडे कोण आयकत होतो, ता आमका कधीच कळला नाय. म्हणान आमी सगळ्याच शेजाऱ्यांशी बोलाचा सोडला. ताच तेंका होया होता.”

हातातला वडा तसाच धरून मी माझ्या आळीतली घरं मनात मोजत होते. माझं हसणं कुणाकुणाच्या घरी ऐकू जातं, हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

मामीने स्वतःच पुढचं सांगितलं. बहीण सुट्टीला आली, की दोघी रिकाम्या किनाऱ्यावर जाऊन लाटांच्या आवाजात हसून घ्यायच्या. तिथे एका बोटीवरचा सावळा माणूस आला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, इतक्या थंडीत एवढं कशाला हसता? ते मामा. परदेशी माणसाशी बोललं की त्याच कचेरीत जाऊन सांगावं लागे. साहेबाने विचारलं, काय म्हणाला तो? मामी म्हणाली, सुंगटां. म्हणजे काय? कोळंबी. दुसऱ्या भेटीनंतर विचारलं, काय म्हणाला? सुंगटां. तेव्हा साहेब उभा राहिला. ही नक्की कसलीतरी खूण आहे, असं त्याला वाटलं. मामीला त्याने त्यावरून तासभर बसवून ठेवलं.

“मगे दुसरा काय सांगतलंय?” मामा पहिल्या रांगेतून ओरडले. “माका घरची याद येय होती!”

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. लग्नाला सरकारची परवानगी लागे, ती मिळेना. मामा जमेल त्या बोटीवर नोकरी धरून त्या बंदरात येत राहिले. मग एका हिवाळ्यात ते सरकारच पडलं, आणि वसंतात ह्यांचं लग्न झालं.

“आणि बहीण?” अध्यक्षांनी विचारलं. “आसा मां अजून?”

“आसा तर! थय आता दुपार, जेवान उरकला आसात तिचा.” मामीने फोन काढला. मी तो वाचनालयाच्या पडद्याला जोडून दिला. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी आली. चष्मा वर करून तिने भरलेलं अंगण पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मामीने तिच्या भाषेत उत्तर दिलं. आम्हाला त्यातला एकच शब्द कळला, सुंगटां. बहीण हसायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, मागे रेलून, बरणीवर बरणी फुटावी तशी. मामी तिच्याहून मोठ्याने. शब्द न कळता आम्हीही हसत सुटलो, आणि शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायला आलं, की एवढं काय झालं. अध्यक्षांनी त्यांना खुर्ची दिली.