आबांच्या उसाला मुळं फुटेनात

कसबा बावड्याच्या संयोगिता चौगुले म्हणजे हट्टाचं गाठोडं. बाईंची उसाच्या रोपांची लॅब आहे: उसाचा कोंब बाटलीत वाढवायचा, त्याचे तुकडे करून रोपं करायची. महापुरात वडिलांचा, म्हणजे आबांचा, लाडका ऊस कुजला, पाठोपाठ वडीलही गेले. त्या उसाचं जे काही उरलं, ते लॅबमधल्या बाटल्यांत.

एकाच कोंबाचे फार काळ तुकडे करत राहायचे नसतात, शेतातून ताजा कोंब आणावा लागतो. दुसऱ्या कुणी हा नियम मोडला असता, तर बाईंनी त्याची खरडपट्टी काढली असती. आबांच्या उसाचे मात्र त्या तुकडे करतच राहिल्या. यंदा मुळं फुटेनात.

बाटल्या एकेक करून काळ्या पडू लागल्या. सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत लॅबमधली मदतनीस सना म्हणाली, "मॅडम, पेशी वाढायल्यात, पण मूळ व्हायचं नाव न्हाय."

जनुकं तीच होती. पण कोणतं जनुक कधी चालू व्हायचं, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा इतकी वर्षं बाटलीत राहून बिघडल्या होत्या. मूळ कसं व्हायचं, हेच पेशी विसरल्या होत्या. शेवटचा ट्रेही तसाच निघाला.

"आबांनी लावायला बेणं कुणालाच दिलं नव्हतं?" सनानं विचारलं.

दिलं होतं. धाकट्या भावाला, हंबीररावांना. पुढे बांधावरून दोघांचं फाटलं. आबांच्या मयताला हंबीरराव आले, तेव्हा बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

जयसिंगपूरजवळच्या मळ्यात त्या पोचल्या, तेव्हा हंबीरराव पाणी पाजत होते. त्यांनी 'ये' म्हटलं नाही.

"काका, आबांचा ऊस हाय का?" बाईंनी विचारलं.

हंबीरराव कोयता उचलून चालू लागले. बाई मागोमाग गेल्या. मळ्याच्या टोकाला चारच सऱ्या, पण ऊस तोच, जांभळट कांड्यांचा. पेऱ्यापेऱ्याला मुळांचे बारीक ठिपके.

"ह्यो कारखान्याला घालत न्हाय मी," हंबीरराव म्हणाले. "दरसाली परत लावतो."

त्यांनी कोयता पुढे केला. बाईंना तो धरवेना.

"चुकलो मी, काका."

"दादाचं शेवटचं तोंड तू मला बघू दिलं न्हाईस," हंबीरराव म्हणाले. "ह्यो घेऊन जा. पर रोपं झाली की मला बघायला बोलीव."