जोर न लावणारे फौजीतात्या

फौजीतात्यांनी कधी कुठल्या वस्तूवर जोर लावलेला मी पाहिला नाही. दार अडकले की लोक खांदा लावतात. तात्या दोन पावले मागे सरून दाराकडे नुसते बघत उभे राहायचे. मग बिजागरीपाशी हात घालून ते जरासे वर उचलायचे, की दार उघडलेच. तोवर धडका मारून घामाघूम झालेला माणूस ओशाळून हसायचा. तात्या त्याला म्हणायचे, "जोर कावून लावतो बाबा? कुठं अडलं ते आधी इचार की त्याला."

फौजेत त्यांची हयात हत्यारे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर वडवणीच्या बाजारतळाला लागून त्यांनी एक खोली घेतली. भिंतीवर बंदूकदुरुस्तीचा परवाना चौकटीत लावलेला, आणि खाली सगळा पसारा शिलाई मशिनी, कुलपे आणि फवारणीच्या पंपांचा. वस्तू हातात आली तरी मालकाने तिची सगळी हकिकत सांगितल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "ती मुकी हाय. तिचं तुमालाच सांगावं लागंल."

मी तेव्हा आमच्या सहकारी तेलगिरणीत भांडारावर कारकून होतो. दुष्काळाचे तिसरे वर्ष. करडई रानातच करपलेली, घाणे महिन्यातून आठ दिवस चालायचे, आणि संचालक मंडळ कुणाला कमी करता येईल ते शोधत होते. गिरणीच्या फाटकावर सोपान नावाचा पहारेकरी होता. त्याच्याकडे संस्थेच्या परवान्यावरची रायफल असे. फौजेतून निकाली निघालेली, दुसऱ्या हाताने आमच्याकडे आलेली. वार्षिक तपासणीला ती पोलीस ठाण्यात नेली आणि तिथे सगळ्यांसमोर काडतूस आत बसेना. काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे जाई आणि दोन बोटे अलीकडे थांबे. सोपानने भांबावून तळहाताने दोनचार रट्टे दिले, तेही लोकांनी पाहिले. झाले! मॅनेजरांनी ठरवून टाकले की सोपानने आडदांडपणाने हत्यार खराब केले, दिवाळीनंतर त्याला नारळ द्यायचा.

नोकरी गेली तर सोपानला कोयता घेऊन ऊसतोडीला जावे लागणार होते. नवराबायको गेली की थोरली पोरगी सातवीतून निघणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. बिचारा एवढेच म्हणत होता, "भाऊसाहेब, म्या रट्टे दिले, खरं हाय. पन ती आधीच अडलीवती." मी मॅनेजरांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, रीतसर चिठ्ठी घेतली आणि दोघे रायफल घेऊन तात्यांकडे गेलो.

तात्यांनी आधी ती रिकामी आहे याची दोनदा खात्री केली. मग रायफल मांडीवर आडवी घेऊन सोपानला बोलते केले. रिकामी असताना बोल्ट बंद होतो का? होतो. अडते ते पहिलेच काडतूस की सगळी? सगळी. तात्यांनी बोल्टावरचा आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर ताडून पाहिला. "जोडा जुनाच हाय, काडीमोड झालेला न्हाई." मग डब्यातून एक बिनदारूचे, नुसते मापाचे काडतूस काढले आणि थेट नळीच्या मागच्या खोबणीत हाताने ठेवले. तरी बोल्ट दोन बोटे अलीकडेच थांबला. म्हणजे दोष काडतुसे भरायच्या खालच्या पेटीचा नव्हता.

पुढे त्यांनी जे केले ते मी आजवर विसरलेलो नाही. रॉकेलच्या चिमणीवर ते काडतूस फिरवून काजळी धरली, अलगद आत सारले आणि तसेच बाहेर काढले. काडतूस निमुळते होते त्या खांद्यापाशी काजळी पुसली गेली होती. "हितं अडतंय," म्हणाले. मग दाढीच्या आरशाने दारातले ऊन नळीत पाडले. खोबणीच्या भिंतीला पिवळा, काचेसारखा थर चढलेला. निंबाच्या काडीने त्यांनी त्याचा कण उकरला आणि नाकाशी धरला.

"हे मिलिटरीचं ग्रीस न्हाई. करडईचं तेल हाय. दरसाल ओतलंय कुनीतरी, आन् ते आत वाळून वारनिस झालंय."

"म्या न्हाई ओतलं," सोपान म्हणाला.

त्याने नव्हतेच ओतले. ओतले होते मी. दर खंडेनवमीला कचेरीत रायफलीची पूजा व्हायची. सोपानचे घर बौद्ध, तो रायफल टेबलावर ठेवून फाटकावर जाऊन बसायचा. भांडारातले हत्यारांचे तेल कधीच संपले होते आणि नवे मागवायचा मला कंटाळा. आपल्या गिरणीचे तेल आपल्या बंदुकीला, असे मोठ्या ऐटीत म्हणत मी पळीभर करडईचे तेल नळीत सोडायचो. वर कुंकू. चारपाच वर्षे हा उद्योग चालला होता. हे सगळे माझ्या डोक्यात लख्ख झाले आणि मी गप्प बसलो. आजही त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

तात्यांनी बायकोकडे, म्हणजे काकूंकडे, तांब्याभर गरम पाणी मागितले. पाण्याचा टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. काकू तांब्या ठेवताना म्हणाल्या, "पेयाचं हाय, बरं का." तात्यांनी त्यात धुण्याचा सोडा विरघळवला. पितळी ब्रश बुडवायचा, फिरवायचा, थांबायचे, पुसायचे, पुन्हा आरसा. सोपान म्हणाला, "तात्या, जरा दाबून घासा की." तात्यांनी ब्रश पुन्हा तितक्याच हळू फिरवला. दिवस कलायला आला तेव्हा नळी कोरडी करून, योग्य ते तेल लावून त्यांनी मापाचे काडतूस ठेवले. बोल्ट एका बोटाने बंद झाला. सोपानच्या डोळ्यांत पाणी आले.

सोपान रायफल गुंडाळत असताना तात्या मला बाहेर घेऊन गेले. "हत्यार बरं झालं, भाऊसाहेब. कशानं बिघडलं, ते म्यानेजरला कोन सांगनार?"

"तुम्हीच चिठ्ठी लिहून द्या ना."

"तेल म्या ओतलं न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांना कसे कळले ते मी कधी विचारले नाही. सबंध दुपार मी तोंड उघडले नव्हते, तेवढे त्यांना पुरले असावे.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "नीट झाली ते ठीक, पण बिघडवली यानेच ना?" नोटीस टेबलावर होती. सोपान फाटकावर असावा तसाच ताठ उभा. मी तीनदा घसा खाकरला आणि चौथ्यांदा बोललो. सोपानची नोटीस मागे घेतली गेली. भांडार माझ्याकडून गेले, दोन वर्षे उन्हात गाड्यांच्या वजनकाट्यावर बसलो. सोपान महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी आपल्या घागरीतले पाणी काट्यावर घेऊन आला. त्याची पोरगी पुढे दहावी झाली.

तात्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. खोलीत चपलांचे दुकान आहे. खरे बोलायची वेळ येते आणि जीभ दोन बोटे अलीकडे अडते, तेव्हा मला त्या आठवड्यातला बाजारचा दिवस आठवतो. मी तात्यांना सगळे सांगायला गेलो होतो. ते एका कुलपात तेल सोडत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "लई जोर लागला का?"

"लागला, तात्या."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "तिथंच लावायचा असतो."