गणिताची तुकडी

रूथ गावित नवापूरजवळच्या एका गावात, कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. दहावीचा निकाल लागला की अकरावी सुरू होईपर्यंत चर्चच्या मागच्या खोलीत तिचा वर्ग भरायचा. विज्ञान शाखेत गणित घ्यायचं म्हणणारी मुलं तिथं येत. बहुतेक आश्रमशाळेतली, घरी कोकणी ही आदिवासी बोली बोलणारी. इतकी वर्षं ज्याला छेद म्हटलं त्याला आता डिनॉमिनेटर म्हणायचं, इथून सुरुवात व्हायची. पण खरी अडचण शब्दांची नव्हती. कंसाबाहेर वजा चिन्ह असलं की आतली चिन्हं बदलतात, हे मुलांनी नुसतं पाठ केलेलं असे. का बदलतात, हे कुणी कधी विचारलेलं नसे.

रूथ स्वतः बारावीत गणितात नापास झाली होती. ते वर्ष तिनं घरात, कुणाशी फारसं न बोलता काढलं. म्हणून वर्ग संपताना ती एकेका मुलाला बाजूला घेऊन, गणित जमेल की नाही, खरं काय ते सांगायची.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वर्गात हेमांगी होती. एखादं उदाहरण सुटलं तरी ती फळ्याकडे बघत बसायची आणि विचारायची, "मॅडम, दुसऱ्या वाटेनं येईल का?" आणि खात्या वसावे होता. महामार्गाच्या कामावर त्यानं सुट्टीत मजुरी केली होती. तिपाईवरच्या यंत्रातून रस्ता मोजणारे साहेब त्यानं तिथं पाहिले, आणि तेच व्हायचं ठरवलं. वर्गात सगळ्यांत आधी यायचा. फळ्यावरचं उदाहरण रात्रीतून पाठ करायचा. आकडे बदलले की मात्र पेन थांबायचं.

"खात्या, तू गणित घेऊ नकोस," रूथ त्याला म्हणाली. "आयटीआयला जा. सर्व्हेअरचा ट्रेड असतो."

"मी अजून पाठ करीन, मॅडम."

"पाठ करून अकरावी निघत नाही रे."

तो मान खाली घालून गेला. आणखी एका मुलीलाही तिनं असंच सांगितलं.

प्रवेश संपत आले तेव्हा प्राचार्यांनी रूथला बोलावलं. गणिताच्या तुकडीला ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन मुलं कमी होती. तुकडी उघडली नसती तर रूथचे तास गेले असते, आणि हेमांगीला जीवशास्त्र घ्यावं लागलं असतं. गणितासाठी तिला नंदुरबारला ठेवायची घरच्यांची तयारी नव्हती.

"मन्हा हातमा काही नही, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "ज्या दोघांना तुम्ही नको म्हणालात, त्यांना फक्त हो म्हणा."

रूथनं घरी नवऱ्याला, पौलसला, हे सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मुलांना तू ओळखतेस. मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी ती खात्याच्या घरी गेली. त्याची आई कौसाबाई अंगणात तांदूळ निवडत होती.

"मॅडम, जमंल का त्याला?" कौसाबाईनं विचारलं.

खात्या दारात उभा राहून ऐकत होता.

"मी रोज बसवीन त्याला," रूथ म्हणाली. विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, हे तिला बोलतानाच कळलं. खात्याचा चेहरा मात्र उजळला. रूथनं हो म्हटल्यावर ती दुसरी मुलगीही आली. तुकडी उघडली.

रूथनं शब्द पाळला. तास संपल्यावर ती खात्याला रोज थांबवून घ्यायची. पावसाळाभर तो आला. लॉगॅरिदमपाशी अडकला, पुढे त्रिकोणमितीत पार बुडाला. शिकवणं इंग्रजीतून, पोर्शन पळतोय, बाकीची मुलं पुढे. सहामाहीच्या पेपरात त्यानं फक्त प्रश्न उतरवून काढले होते, सुंदर अक्षरात. रूथनं त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"आता आयटीआयला जातोस का? पुढच्या वर्षी प्रवेश घेता येईल," तिनं विचारलं.

"तेव्हा तुम्ही म्हणालात तेच खरं होतं ना, मॅडम?" खात्या म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मग घरी कशाला आलात?"

वार्षिक परीक्षेला तो बसलाच नाही. सुरतला कापड रंगवायच्या कारखान्यात गेला. ती दुसरी मुलगी नापास झाली, आणि तिचं लग्न लावून दिलं.

हेमांगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. आज ती धुळ्याला इंजिनीअरिंग करते. तिचा फोन येतो तेव्हा रूथ आनंदानं बोलते. कौसाबाई एकदा बाजारात भेटली. खात्या होळीलाही घरी आला नाही, म्हणाली. तिनं रूथला दोष दिला नाही. तिच्या समजुतीनं पोरगाच कमी पडला होता. रूथनं तो समज दूर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात कौसाबाईची जीप सुटायची वेळ झाली.

यंदा जूनमध्ये आकडा पुन्हा भरेना, एक मूल कमी पडत होतं. प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. अवयव पाडताना दरवेळी चुकणारा एक मुलगा होता, आईबापांची इच्छाही होती.

"त्याला हो नाही म्हणणार मी," रूथ म्हणाली.

तुकडी उघडली नाही. ज्यांना गणित जमलं असतं अशा तिघींनी जीवशास्त्र घेतलं. रूथचे तास बंद झाले. सध्या ती पौलसबरोबर पोल्ट्रीवर अंडी निवडायला जाते.